हळदीतल्या दोन रेघा

आबा, सगळ्या उंब्रजला तुमी जुनी मोटरसायकल कशी बघून घ्यायची ते शिकवलं, आणि घरातल्या पोरीला सांगायची वेळ आली तर तुमी नाही आणि मला बोलता येत नाही, हा कुठला न्याय? हायवेवरनं जाणारा कोण बी थांबायचा, "मिस्त्री, एक गाडी बघून ठेवलीय, चला की जरा," म्हणायचा, आणि तुमी हातातला पाना टाकून, हात चिंधीला पुसत त्याच्या मागनं निघायचा. ताट तसंच पडायचं, आई ओरडत बसायची. मला मात्र अर्धंच शिकवलं. गाडीतली खोट शोधायची कशी तेवढं शिकवलं. सापडल्यावर ती समोरच्या माणसाला सांगायची कशी, ते कुठं शिकवलं? चौथीतनं शाळा काढली तवा हातात चौदा नंबरचा पाना दिलात, म्हणालात, "हे घे, बांगडीपेक्षा लय दिस टिकंल." टिकला. अजून आहे. पण पान्यानं तोंड उघडत नाही.

तुमची नात आता तेवीसची झाली. जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा कोर्स केला, पास झाली, आणि आता जतच्या पलीकडं मेंढरांना लस टोचायची नोकरी लागलीय. स्वतःची गाडी असेल तरच ये म्हणाले, कारण मेंढरं काय एका जागी असतात? आज या माळाला, उद्या त्या माळाला. माझा आजा, तुमचा बाप, ज्या माळावरनं मेंढरं हाकत कृष्णाकाठाला यायचा, त्याच माळावर ही उलटी निघालीय, मागं लसींचा बर्फाचा डबा बांधून. सोमवारी हजर व्हायचं आहे. रविवारी सकाळी नऊला सांगली सोडणार. तिचा बाप ट्रकवर, आंध्रात कुठंतरी. फोन केला तर म्हणतो, "तुझ्याच वळणावर गेलीय, तूच बघ."

गाडी घेतली ती मला न विचारता. विश्रामबागेत कोण कॉलेजवाला होता, त्याची दोन-तीन वर्षं वापरलेली. ड्युअल स्पोर्ट म्हणतात तिला. डांबरावर बी पळते आणि खडकावर बी चढते. तुमी असली बघितली नाही. उंच टांगांची, पुढचं मडगार्ड चाकापासनं हातभर वर, टायरला जाड जाड ठोकळे, आणि सीट एवढी उंच की आपल्या घरातल्या बाईचे दोन्ही पाय एका वेळी भुईला टेकत नाहीत. दारात उभी केली तवा मला पहिल्यांदा आजाचं ते ओझ्याचं घोडं आठवलं, सगळा संसार पाठीवर घेऊन मान ताठ करून चालायचं ते. हिला बी तसंच काहीतरी दिसलं असणार. हँडलला तुमची जुनी किल्लीची साखळी अडकवलीय तिनं. म्हणाली, "आजोबांचा हात फिरला असता तर अजून मजा आली असती."

मी काय केलं ते ऐका. मला राग आला होता आणि भीती बी वाटली होती, दोन्ही एकदम. मी गाडीला एक चक्कर मारली, इंजिनाला कान लावला, आणि म्हणाले, "आतनं वाजतीया. पिष्टन गेलाय. परत देऊन ये." आबा, काय बी वाजत नव्हतं. इंजिन शिलाई मशिनीगत चालत होतं. मी खोटं बोलले, गाडी दारातनं जावी म्हणून. ही गप गाडी घेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडं गेली. त्यानं इंजिन ऐकलं आणि हसला, म्हणाला एक नंबर आहे, तुमच्या आईला म्हणावं कान धुवा. परत आली ती दारातच उभी राहिली, हेल्मेट काढलं नाही. "आजोबांनी आख्ख्या जन्मात कुणा गिऱ्हाइकाला फसवलं नाही. आणि तू पोटच्या पोरीला फसवतेस." एवढं बोलून आत गेली.

चार दिवस बोलली नाही. मग मीच एका सकाळी बाहेर आले, म्हणाले, "घेतलीसच हाय तर नीट ऐकून तरी घे. गाडी बघायला गेलीस तवा इंजिन गार होतं का?"

"त्यानं आधीच चालू करून ठेवली होती."

"म्हंजे पाहुणे यायच्या आधी पोरीला पावडर लावली. जुनी गाडी गार असताना बघायची बया, आधी हात लावायचा, गरम लागली तर चहा पिऊन यायचं आणि मग बघायचं. कशी उठती, किती खोकती, धूर कुठल्या रंगाचा, सगळं गार असतानाच कळतं."

हसली ती. मग फोन काढला आणि माझं बोलणं भरून घ्यायला लागली. मी बी मग सोडलं नाही. तुमी सांगायचा तसंच सांगितलं. पुढचं चाक उचलून दोन्ही हातांनी धर आणि मागंपुढं हलव, खटखट झालं तर हँडलचा कोनसेट गेला. पुढच्या शॉकपच्या नळीवर बोट फिरव, तेल लागलं तर सील फुटलं. पान्यानं चाकाच्या एकेका तारेला टिचकी मार, सगळ्या टणटण वाजल्या पाहिजेत, एखादी मेल्यागत वाजली तर ती सैल आहे आणि तिच्या शेजारच्या दोघी तिचं ओझं घेतायत. हवेची जाळी काढून उन्हात धर. पलीकडचं दिसत नसेल तर गाडी इतकी वर्षं माती खात होती. इंजिनाच्या खालच्या पत्र्याला ओरखडे असले म्हणून घाबरू नको, ओरखडे असायचेच, चेप असेल तर विचार. गाडी आडवी झाली तर तिच्याकडं पाठ कर, सीटला कंबर लाव, आणि मांड्यांनी ढकलत उठ, हंड्याला वाकतात तसं वाकून उचलायला गेलीस तर मणका जाईल. माळावर थांबताना उंचवट्याच्या बाजूला पाय टेकव, खड्ड्याच्या बाजूला नाही. खडी आली की सीटवरनं उठ, पाय पेगवर, म्हंजे फुटरेस्टवर, गुडघ्यांत टाकी धर, आणि हँडल आवळू नको, गाडीला तिचं तिचं नाचू दे. दगडात जाताना टायरातली थोडी हवा सोड आणि डांबराला लागायच्या आधी भर.

ती म्हणाली, "आई, तू आजवर हे कधी बोलली नाहीस." मी म्हणाले, "तू कवा विचारलंस?"

सगळं सांगितलं आबा, एक सोडून. मातीतनं ढकलून मागं बघायचं ते सांगितलं नाही. ते तुमचं. आजा घोडं घ्यायच्या आधी त्याला बिनओझ्याचं नदीच्या वाळूतनं चालवायचा आणि त्याच्याकडं न बघता त्याच्या पावलांकडं बघायचा, मागचं पाऊल पुढच्याच्या रेघेत पडतंय का. तुमी तेच गाडीला लावलं. भुसभुशीत माती पसरायची, गाडी सरळ ढकलायची, आणि मागं वळून बघायचं. एकच रेघ दिसली तर गाडी सरळ. दोन दिसल्या तर आधी चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणा बघायच्या, मागचं चाक चेन ताणताना तिरकं बसलंय का. खुणा दोन्हीकडं सारख्या असून बी दोन रेघा पडल्या, म्हंजे गाडी कुठंतरी जोरात आदळलीय आणि चेसी, म्हंजे गाडीचा सांगाडाच, वाकलीय. बाकीचे मिस्त्री हसायचे, "धनगराचा मिस्त्री हाय, गाडीचे बी खूर बघतो." पण बघायला बोलवायचे तुमालाच. हे मी पोरीला सांगितलं नाही, कारण ते आठवलं की माझा उजवा पाय शिवशिवतो.

मंगळवारी दुपारी ती मला आणायला गोडाऊनला आली. मी मार्केट यार्डात हळद निवडायला जाते, वीस वर्षं झाली, तुमाला ठाऊकच आहे. पॉलिशची मशिनं चालू असली की गोडाऊनच्या पुढच्या फरशीवर हळदीची भुकटी बोटभर साठते. गाडी गेटातनं चालू आणायला मुकादम देत नाही, म्हणून ती उतरली आणि ढकलत आत आणली, बायकांना दाखवायला. बायका गोळा झाल्या. "आवं, केवढी उंच! चढायला शिडी दिली का संगं?" एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "मागं बस म्हणावं आईला, मेंढरं मोजायला." पोरगी हसत होती, गाल लाल झालेले. आणि माझं लक्ष तिच्या मागं गेलं. फरशीवर, पिवळ्या भुकटीत, गेटापासनं तिच्यापर्यंत दोन रेघा.

एक नाही आबा. दोन. करंगळीभर अंतर, पहिल्यापासनं शेवटपर्यंत. मी वाकले, जोडवं सरळ करते असं दाखवून चिमट्यावरच्या खुणा बघितल्या. दोन्हीकडं तीन-तीन. चाक सरळ बसलेलं होतं.

तिनं वळून बघितलं. "काय बघतेस गं?"

माझा पाय आपोआप पुढं गेला. तुमी शिकवलेलाच पाय. एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि रेघा गेल्या. नुसती पिवळी फरशी राहिली. "काय न्हाई," मी म्हणाले. "चल, उशीर झाला."

आता तुमाला ती दुसरी गाडी आठवली असेल. नसेल आठवली तर मी आठवून देते, मी विसरलेले नाही. अकरा वर्षांची असेन. ट्रकनं उडवलेली एक गाडी हायवेवरनं आणली होती, पुढचं सगळं मागं दाबलेलं. महिनाभर तुमी तिच्यावर होता. गॅसनं तापवायचा, जॅक लावून ओढायचा, परत तापवायचा. काळा रंग मारला तवा ती नव्यागत चमकली आणि मी टाकीवर गाल ठेवला. गॅरेजच्या पुढं तुमी चाळलेली माती टाकली आणि मला म्हणालात, "ढकल सरळ." मी ढकलली. वळून बघितलं तर तुमी मातीकडं बघत उभे होता, खाली मान घालून, लय वेळ. मला बी दिसल्या. मी म्हणाले, "आबा, दोन हायत." तुमी म्हणालात, "पूस." मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "पूस म्हटलं न्हवं? पायानं पूस!" एवढ्या जोरात मला तुमी त्याआधी कधी बोलला नव्हता. मी पुसल्या.

त्याच दुपारी दूधवाले काका आले. उंब्रजला पलीकडच्या वाड्यांवरनं दूध गोळा करून आणायचे, सायकलवर. गाडी बघूनच त्यांचा चेहरा कसा झाला होता. तुमी म्हणालात, "बघून घ्या, काय विचारायचं ते विचारा." ते म्हणाले, "मिस्त्री, तुमी हात लावलाय, मग बघायचं काय आणि विचारायचं काय?" तुमी गप. मी चुलीजवळनं तुमच्याकडं बघत होते, तुमी बोलाल म्हणून. आजापासनं आपल्यात जनावर विकताना एक रीत, विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि नाही विचारलं तर आपण होऊन तोंड उघडायचं नाही. काकांनी विचारलं नाही. तुमी रीत पाळली. रात्री जेवताना आईनं विचारलं, "आज गप का?" तर म्हणालात, "डोकं दुखतंय."

डांबरावर त्या गाडीला काय झालं नाही. असली गाडी डांबरावर सरळच वाटते, हाताखाली थोडं ओढतं, माणूस म्हणतो सवय होईल. मागं ओझं आणि खाली खडी असली, आणि उतारावर ब्रेक लावायची वेळ आली, की ती आपल्या मनानं जाते. काकांची गेली. दोन कॅन भरलेले होते. गुडघ्याची वाटी फुटली, पाय परत वाकला नाही. तुमी दवाखान्यात गेला तवा मी संगं होते. काका खाटेवरनं तुमालाच म्हणाले, "गाडीचा काय दोष न्हाई ओ मिस्त्री. माझंच ध्यान न्हवतं." तुमी तिथं बी गप. घरी येऊन ती गाडी तुमी घणानं फोडली आणि दुसऱ्या गाडीचा फुटरेस्ट पुढं वेल्ड करून काकांच्या ताठ पायाला बसेल अशी करून दिली. पुढं वीस वर्षं त्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. माणसं म्हणायची, मिस्त्रीचं मन केवढं. मी ऐकून घ्यायची. तुमी बी ऐकून घ्यायचा आणि मान खाली घालून पाना फिरवायचा. माझ्याशी त्यावर एक शब्द नाही. माझं लग्न ठरलं तवा मी विचारायचं ठरवलं होतं. तुमी म्हणालात, "सांगलीला जातीस, तिथं गॅरेजात बसायचं न्हाई." झालं बोलणं.

तुमच्या मातीला काका आले होते. ताठ पाय ओढत, नदीपर्यंत चालत. तुमची नात माझ्या कडेला उभी होती, अकरा वर्षांची, मी होते तेवढीच. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "तुझा आजा लय सच्चा माणूस व्हता पोरी, त्याच्यागत हो." तिनं ते धरून ठेवलंय आबा. परीक्षेत कुणी कॉपी दिली तर घेतली नाही तिनं, का तर आजोबा. जनावराच्या मालकाला औषध चुकलं तर चुकलं म्हणून सांगते, का तर आजोबा. सगळं त्या एका वाक्यावर उभं केलंय तिनं.

आता माझी गोची बघा. मी आता म्हणाले गाडीची चेसी वाकलीय, तर ती म्हणणार पिष्टनचं झालं, आता चेसीचं काढलंस. परत मातीतनं ढकलून दाखवलं, दोन रेघा दिसल्या, तर म्हणणार, मंगळवारीच दिसल्या असतील की तुला, मग पुसल्यास का? आणि त्याचं उत्तर द्यायचं तर मला तुमच्यापासनं सुरुवात करायला लागते. काळ्या गाडीपासनं. काकांच्या गुडघ्यापासनं. गाडी गेली तर नोकरी जाईल, ते एक. पण तुमी तिच्या मनातनं गेला तर तिच्याकडं काय राहील, ते मला कळत नाही. आणि नाही सांगितलं तर रविवारी ती मागं बर्फाचा डबा बांधून जतच्या खडीवर जाणार, मी शिकवल्यागत पेगवर उभी राहणार, हँडल ढिलं सोडणार, आणि गाडी तिला ओढणार.

कालपासनं मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणाले, "डबा नीट बांध." दुसऱ्यांदा म्हणाले, "ओढणी घट्ट खोच." तिसऱ्यांदा ती फोनवर माझं भरून ठेवलेलं बोलणं ऐकत बसली होती, तारांना टिचकी मारायचं, आणि खरंच हातात तुमचा चौदाचा पाना घेऊन एकेक तार वाजवत होती. मी परत आत गेले.

हे मी गोडाऊनमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, पोत्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या मागं. कुणाला पाठवणार? तुमच्या पान्यांच्या डब्यात तळाला ठेवणार आहे. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय ठेवणार नाही. इतकी वर्षं मी तुमाला मनात शिव्या घातल्या, की तुमी बोलला नाही. निदान तुमाला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं. तिनं मान वळवून मला विचारलं, "काय बघतेस गं?" आणि मी काय न्हाई म्हणाले. आजाच्या रीतीतलं तेवढं बी मला पाळता आलं नाही. तळव्याला लागलेली हळद मी अजून धुतलेली नाही.

तवा आता तुमीच सांगा. स्वप्नात या, काकांच्या तोंडून या, कसं बी या, पण मी तिला काय सांगू आणि कुठनं सुरू करू ते सांगा. मी पिशवीभर हळदीची भुकटी घरी आणून ठेवलीय. रविवारी सकाळी दारात पसरणार, तिलाच गाडी ढकलायला लावणार, आणि दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत ठेवून उभी राहणार. ती मागं वळून बघेल आणि परत विचारेल. या वेळी मी तुमाला वाचवणार नाही. तुमाला त्याआधी काय म्हणायचं असेल तर रविवारी आठच्या आत म्हणा.